आम्ही राणीची बाग पाहिली

मराठी भाषेतील 'पाहणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. आमटीत मीठ पडले की नाही, ते आपण चाखून पाहतो. मुलाचे अंग कोमट लागले तर कपाळाला हात लावून पाहतो. नारळ घेताना तो कानाशी हलवून पाहतो आणि खरबूज नाकाशी नेऊन, वास घेऊन पाहतो. यांपैकी एकाही पाहण्यात डोळ्यांचे फारसे काम नाही. तरीसुद्धा 'पाहणे' म्हटले की आपल्याला डोळेच आठवतात, आणि डोळे नाहीत म्हणजे पाहणे नाही असे आपण मनाशी ठरवून मोकळे होतो.

माझी एक भाची जन्मापासून दृष्टिहीन आहे. ती बारा वर्षांची असून डोळस मुलांच्याच शाळेत सहावीत शिकते. 'पाहणे' हा शब्द ती इतक्या सहजपणे वापरते की ऐकणारा नवखा माणूस क्षणभर गोंधळून जातो. "मामा, तुझा नवा सदरा पाहू," असे म्हणून ती बाहीवरून बोटे फिरवते आणि कापड सुती आहे की नाही ते अचूक सांगते. "आम्ही काल नाटक पाहिलं," असे ती म्हणते, तेव्हा त्या नाटकातील कोणते पात्र कोणत्या बाजूने आले आणि कोणाच्या पायांत नवीन वहाणा होत्या, हेदेखील तिला ठाऊक असते.

गेल्या वर्षी तिच्या वर्गाची सहल प्राणिसंग्रहालयात जायला निघाली. तिच्या घरी शाळेतून निरोप आला, "हिला उगीच दगदग कशाला? तिथे तिला काय दिसणार? ती घरीच राहू दे." निरोप अगदी मायेने दिलेला होता आणि हीच खरी अडचण होती. कठोर शब्दाला उत्तर तरी देता येते. मायेने लावून घेतलेल्या दाराची कडी कोठे आहे तेच सापडत नाही. सहल आटोपल्यावर सर्व मुलांना 'प्राणिसंग्रहालयास भेट' या विषयावर निबंध लिहायला सांगितला गेला आणि हिला सवलत म्हणून 'माझी आई' हा विषय देण्यात आला. ती तडक माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, आईवर मी आतापर्यंत तीनदा लिहिलं आहे. आता आईबद्दल नवीन काही उरलेलं नाही. मला प्राण्यांवर लिहायचं आहे."

त्यानंतरच्या श्रावणात, शाळेला सुटी असलेल्या एका गुरुवारी, आम्ही दोघे भायखळ्याला उतरलो. रविवारी तेथे फार गर्दी असते आणि बुधवारी बाग बंद असते; म्हणून गुरुवार निवडला होता. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. तथापि मुंबईकरांच्या तोंडी 'राणीची बाग' हेच नाव अजून टिकून आहे. आत शिरण्यापूर्वी भाचीने मला एक अट घातली. ती म्हणाली, "मी विचारल्याशिवाय काही सांगू नकोस. आधी मी पाहीन, मग तू सांग." मी ती मान्य केली. बोलण्याची सवय असलेल्या माणसाला ही अट किती जड जाते, हे मला पुढच्या दहा मिनिटांतच कळून आले.

प्रवेशद्वारापासून थोडे आत गेल्यावर ती थांबली. पांढरी काठी तिने अंगाशी उभी धरली आणि मान वर केली. पाऊस मघाशीच थांबला होता. परंतु पानांवरून थेंब अजून ठिबकत होते. ती म्हणाली, "इथे खूप मोठी झाडं आहेत. पाऊस थांबला, पण वर तो अजून पडतोच आहे. आणि मोटारींचा आवाज बघ किती लांब गेला!" खरोखरच या बागेत सुमारे ३,००० वृक्ष आहेत. प्राणी पाहण्याच्या घाईत लोक त्यांच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. तिने मात्र पहिला अर्धा तास झाडांनाच दिला. कैलासपतीच्या झाडापाशी तर ती रमूनच गेली. या झाडाची फुले शेंड्याला किंवा फांदीच्या टोकाला येत नाहीत. ती खोडातूनच फुटलेल्या लोंबत्या डहाळ्यांवर उमलतात. त्यामुळे लहान मुलाच्याही हाताशी ती येतात. तिने एक खाली पडलेले फूल उचलले, त्याचा मांसल, वळलेला भाग बोटांनी चाचपला, दीर्घ श्वास घेतला आणि मग शेजारीच लोंबणाऱ्या, तोफेच्या गोळ्यासारख्या टणक फळावर टिचकी मारून पाहिली. "इतक्या मऊ फुलाचं हे फळ?" एवढेच ती म्हणाली.

प्राण्यांपैकी पहिली भेट झाली ती पाणघोड्याची. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्या डबक्यापाशी पंधरावीस माणसे उभी होती. पाणी गढूळ होते आणि त्यावर काहीच दिसत नव्हते. "इथे काही नाही, चला पुढे," असे म्हणत एकेक कुटुंब निघून गेले. माझी भाची मात्र कठड्याला हात टेकून स्वस्थ उभी राहिली. वासावरून तिने प्राणी मोठा आहे, पाण्यात आहे आणि गवत खाणारा आहे, इतके ओळखले होते. गोठ्याच्या वासाशी त्याचे नाते तिला लगेच सापडले. मी अटीप्रमाणे गप्प होतो. दोन मिनिटे गेली, तीन गेली. मग एकाएकी पाण्यातून 'फूस्स' असा मोठा फूत्कार झाला आणि दोन नाकपुड्या, दोन कान व फुगीर डोळे पाण्यावर आले. ती दचकली नाही, उलट खुदकन हसली. "आता सांग," ती म्हणाली.

मी सांगितले की पाणघोडा पाण्याखाली जाताना नाकपुड्या व कान घट्ट मिटून घेतो, मोठा पाणघोडा सुमारे पाच मिनिटे श्वास रोखून राहू शकतो आणि झोपेतदेखील तो आपोआप वर येऊन श्वास घेऊन जातो. तिला हे फारच आवडले. ती पुन्हा मनात आकडे मोजू लागली. दुसरा फूत्कार झाला, तिसरा झाला. आमच्या आजूबाजूला या वेळात तीन निरनिराळे घोळके आले आणि "काही दिसत नाही" म्हणून निघून गेले. तो पाणघोडा त्या दिवशी सर्वांत अधिक कोणी पाहिला असेल, तर तो तिनेच, असे मला वाटते.

पुढे पक्ष्यांचे मोठे दालन लागले. २०२० साली लोकांसाठी उघडलेल्या या उंच जाळीदार दालनात पक्षी मोकळे उडतात आणि माणसे त्यांच्यामधून चालत जातात. आत पाऊल टाकताच चारी बाजूंनी कलकलाट सुरू झाला. माझ्या डोळ्यांना तेथे फार थोडे पक्षी सापडत होते, कारण पानांच्या आड ते लपून बसत. तिला मात्र ते सगळेच सापडले. बोटाने दिशा दाखवीत ती सांगू लागली, "तो वर बसलेला एकटाच ओरडतो आहे. या इथे दोघांचं भांडण चाललं आहे. आणि हा खटखट आवाज कसला? सुतार काम करतो आहे का?" तो सुतार म्हणजे एक चित्रबलाक होता. बलाक जातीच्या पक्ष्यांना गळ्यातून फारसा आवाज काढता येत नाही. म्हणून ते चोचीची दोन पाती एकमेकांवर आपटून बोलतात.

आम्ही तेथे रेंगाळलो असताना सात-आठ वर्षांचा एक मुलगा दोन्ही हात कानांवर दाबून, डोळे गच्च मिटून, आईला ओढीत घाईघाईने बाहेर पडला. तो रडत होता. काही लोक त्याच्याकडे वळून पाहू लागले. एका गृहस्थांनी तर त्या बाईंना ऐकू जाईल अशा बेताने मुलांच्या लाडांविषयी आपले मत दिले. त्या काही बोलल्या नाहीत.

तो मुलगा आम्हांला पुन्हा भेटला, तो पेंग्विनांच्या दालनात. २०१६ साली दक्षिण कोरियातील सोल शहरातून येथे हंबोल्ट जातीचे आठ पेंग्विन आणले गेले आणि आज त्यांची येथेच जन्मलेली पिढीही वाढते आहे. हे पक्षी मूळचे पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. मुंबईची हवा त्यांना सोसणारी नाही, म्हणून जाड काचेच्या आड, यंत्राने थंड केलेल्या हवेत ते राहतात. भाचीने काचेवर तळहात ठेवला, मग कान ठेवला, मग नाक. शेवटी ती म्हणाली, "मामा, इथे कोणीच नाही."

आत चांगले डझनभर पेंग्विन होते. त्यांतला एक तर आमच्यासमोरून बाणासारखा पोहत गेला. या जातीचा पेंग्विन गाढवासारखा ओरडतो आणि त्याच्या वसतीला माशांचा उग्र वास असतो; परंतु काचेने तो आवाजही अडवला होता आणि तो वासही. प्राण्यांना लोकांचा उपद्रव होऊ नये आणि लोकांना प्राणी स्वच्छ दिसावेत, म्हणून अलीकडे जगभर प्राणिसंग्रहालयांत गजांच्या जागी काचा येऊ लागल्या आहेत. प्राण्यांच्या दृष्टीने हे बरेच आहे. मात्र गजांतून वास येत असे, श्वास ऐकू येत असे. काच आली आणि डोळ्यांवाचून इतर सर्व दारे बंद झाली. ज्याला केवळ तेवढेच एक दार नाही, त्याच्यापुरते ते दालन रिकामे झाले.

असा विचार मनात येतो न येतो तोच, मघाचा मुलगा माझ्या दृष्टीस पडला. तो काचेला दोन्ही हात टेकवून उभा होता. रडण्याचा मागमूस नव्हता. तेथे गर्दी नव्हती, निळसर मंद उजेड होता, गारवा होता आणि गोंगाट काचेपलीकडेच राहिला होता. त्याच्या आईशी आमचे बोलणे झाले. मुलगा स्वमग्न होता. पुष्कळ आवाज एकदम कानांवर पडले की त्याला ते टोचल्यासारखे लागतात, असे त्यांनी सांगितले. कानांवर बसवायची जाड आवरणे त्यांनी पिशवीतून आणली होती. पण त्या कलकलाटापुढे ती अपुरी पडली. "इथून मात्र तो हलायला तयार नाही," त्या म्हणाल्या.

"तो काय पाहतो आहे?" भाचीने विचारले.

"एकच पेंग्विन. मघापासून त्याच एकाच्या मागे त्याचे डोळे फिरताहेत."

"मग त्याला राहू दे," भाची गंभीरपणे म्हणाली. "पक्ष्यांचं माझ्याकडे, पेंग्विनांचं त्याच्याकडे."

जणू दोघांनी बागेची वाटणी करून घेतली! पण त्या वाटणीने मला विचारात पाडले. 'अपंगांसाठी सोय' असे आपण एका दमात म्हणतो, तेव्हा पुष्कळदा चाकाच्या खुर्चीसाठी एक उतार बांधून आपले समाधान होते. तो उतार हवाच. परंतु एकाला जे उघडे दार, ती दुसऱ्याला भिंत, असा हा प्रकार आहे. आपल्या देशातील १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ मानले आणि स्वमग्नता त्यांत आली. परदेशांतील काही प्राणिसंग्रहालये आठवड्यातील एखादी सकाळ शांततेची म्हणून राखून ठेवतात. त्या वेळी माणसे कमी सोडतात आणि कर्णे बंद ठेवतात. अशी एखादी सकाळ मिळती, तर त्या बाईंना कोणाचे मत ऐकून घ्यावे लागले नसते.

वाघ झोपला होता आणि तोही काचेपलीकडे होता. आता मात्र भाचीने अट सैल केली. वाघ केवढा असतो, हा तिचा पहिला प्रश्न. 'मोठा' या शब्दाने तिचे समाधान होत नाही. कितीने मोठा, हे तिला हवे असते. माझी छत्री तीन फुटांची होती. ती जमिनीवर आडवी ठेवून आम्ही मापू लागलो: दोन छत्र्या वाघ आणि एक छत्री शेपूट. आमचा हा उद्योग पाहून लोक हसू लागले. एक लहान मुलगा धावत आला आणि छत्रीचे दुसरे टोक धरून उभा राहिला. भाची पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत पावले टाकीत गेली, परत आली, पुन्हा गेली. "बाप रे," ती हळूच म्हणाली. तिला वाघाची भीती वाटली, ती त्या क्षणी. तोवर वाघ हा तिच्या लेखी गोष्टीतला एक शब्द होता.

मग पट्टे आले. मी तिच्या पाठीवर बोटाने पट्टे ओढून दाखवले. तिने विचारले, "हे पट्टे हाताला लागतात का?" मी नाही म्हणालो. "मग ते तुम्हां डोळेवाल्यांपुरतेच आहेत," असा तिने निकाल दिला. मी तिला सांगितले की रंगाच्या बाबतीत हरणेही तिच्याच बाजूची आहेत. वाघाचा तांबूस रंग त्यांना ओळखू येत नाही, तो त्यांना हिरव्या झाडोऱ्यासारखाच भासतो. हे ऐकून ती खूश झाली. आणखी एक गोष्ट मी सांगितली. रतनलाल ब्रह्मचारी नावाच्या बंगाली शास्त्रज्ञांनी वाघाच्या वासाचा अनेक वर्षे अभ्यास केला. वाघ आपल्या हद्दीच्या खुणा म्हणून झाडाझुडपांवर जो फवारा मारतो, त्यात बासमती तांदळाच्या सुवासाचेच द्रव्य असते, असे त्यांना आढळले.

"म्हणजे रानात भात शिजल्याचा वास आला, की समजावं वाघ आहे?"

"तसंच म्हणायचं."

"आणि हे मला काचेने कळू दिलं नाही!" ती खरोखर रागावली होती.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याची इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली. तिच्या आवारात एक भला मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलताना यारी मोडली, हत्ती खाली आदळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून ठेवले गेले आणि १९१४ साली ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. यातले काहीही मी भाचीला सांगितलेले नव्हते. तेथील रखवालदाराला मी विचारले. त्याने तिच्याकडे पाहिले, काठीकडे पाहिले आणि तो म्हणाला, "हलक्या हातानं पाहा, ताई."

तिने हलक्या हाताने पाहिले. हात पुरेल तेवढा पाय, त्याची गोलाई, पायाची जाडी दोन्ही कवेत मावते का ते, सारे तिने सावकाश पाहिले. मग तिची बोटे एका जागी थबकली, मागे आली आणि पुन्हा तेथेच गेली. ती म्हणाली, "मामा, हा जोडलेला आहे. इथे दगड वेगळा लागतो. हा कधी तरी मोडला होता का?"

रखवालदार आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. नंतर मी तिला सगळी हकीकत सांगितली. ती सांगून होईपर्यंत तिचा तळहात त्या सांध्यावरच होता.

हाताने पाहण्याची संधी कोणी मुद्दाम करून दिली, तर काय घडते याचा एक जुना दाखला आहे. इंग्लंडमधील संडरलँड या गावच्या संग्रहालयाचे प्रमुख चार्ल्टन डीस यांनी १९१३ च्या सुमारास अंध मुलांना संग्रहालयात बोलावून पेंढा भरलेले प्राणी हाताळू दिले. मुलांनी त्यांच्या अंगावरून हात फिरवले आणि नंतर मातीचे प्राणी करून दाखवले. त्याआधी, १८८७ साली, सात वर्षांच्या हेलन केलरला एका सर्कशीत हत्तीच्या पाठीवर बसवण्यात आले होते आणि सिंहाच्या बछड्यांना हात लावू दिला होता. जिवंत प्राण्यांना असे हाताळणे आज कोणी योग्य मानणार नाही आणि ते बरोबरच आहे. वाघालाही स्वस्थ झोपण्याचा हक्क आहे. परंतु वाघाच्या पंजाचा एक साचा, चितळाचे गळून पडलेले शिंग, मोराचे पीस, सापाची कात आणि काचेत पाडलेले एक लहानसे जाळीदार छिद्र, इतक्या गोष्टी कोणत्याही प्राण्याला त्रास न देता देता येतील. यांना फारसा खर्चही येत नाही. मात्र 'हिला काय दिसणार?' याऐवजी 'ही कशाने पाहते?' असे आधी कोणी तरी विचारले पाहिजे.

त्या रात्री तिने निबंध लिहिला. ब्रेल लिपीत लिहिण्याची पाटी तुम्ही पाहिली नसेल, तर सांगतो. पाटीच्या चौकटीत जाड कागद घट्ट बसवून टोचणीने टिंबे पाडायची असतात. टिंबे कागदाच्या मागच्या बाजूला उठतात, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. जास्तीत जास्त सहा टिंबांत एक अक्षर बसते. १९५१ पासून भारतातील बहुतेक भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही एकच पद्धत आहे, तीतच ती मराठी लिहिते. शेजारच्या खोलीत मला रात्री उशिरापर्यंत टकटक ऐकू येत होती. अधूनमधून ती थांबे, आणि मला वाटे, आता ती पाणघोड्याचा दम मोजत असेल.

तिच्या आईने तो निबंध साध्या लिपीत उतरवून दिला आणि भाचीने तो 'माझी आई'च्या ऐवजी शाळेत दिला. त्यात कैलासपतीवर एक परिच्छेद होता, पाणघोड्यावर दोन पाने होती, छत्रीने मोजलेला वाघ होता आणि जोडलेला हत्ती होता. पेंग्विनांविषयी एकच वाक्य होते, 'पेंग्विन म्हणजे थंड, गुळगुळीत काच. त्यांच्याबद्दल तेथे भेटलेल्या एका मुलाला विचारावे.'

आठवड्याने वही परत आली. गुरुजींनी निबंध वर्गात वाचून दाखवला होता. खाली लाल शाईने शेरा होता, 'निबंध उत्तम. पेंग्विनांविषयी अधिक माहिती हवी होती.'

आईने शेरा वाचून दाखवला तेव्हा भाची क्षणभर गप्प राहिली. मग ती म्हणाली, "काचेबद्दल आणखी काय लिहू?"